काय राहिलं?

१

आमच्या घरात कुठूनही निघताना एक आरोळी ठरलेली असते. आप्पा दाराशी उभे राहून खड्या आवाजात विचारतात, “काय राहिलं?” आणि बाकीच्यांनी एका सुरात ओरडायचं, “काही नाही राहिलं!” आप्पा म्हणजे माझे वडील. लांब पल्ल्याची बस चालवण्यात त्यांची उमर गेली. प्रत्येक थांब्यावरून बस हलवण्याआधी ते मागे वळून प्रवाशांना हेच विचारायचे. निवृत्त झाल्यावर बस गेली, आरोळी घरी आली.

एवढं ओरडून आमचं काहीतरी राहतंच. छत्र्या, डबे, रुमाल, एकदा तर लग्नाच्या हॉलवर माझा नवरा राहिला होता, बुफेच्या रांगेत. त्यामुळे आम्हाला एक सवय जडली आहे. कुणी मागून धावत येऊन हातात काही ठेवलं, की आम्ही ते बघतसुद्धा नाही. “अरे हो, आमचंच, थँक्यू हं,” म्हणून पिशवीत टाकतो. आमचंच असणार, दुसऱ्या कुणाचं असणार?

त्या सकाळी गाडीत चौघं होतो. नवरा स्टिअरिंगवर, शेजारी मी, मागे आप्पा आणि माझी सात वर्षांची पिटकी. वाळवंटापलीकडे दादाचं घर आहे, तळमजल्याचं. आमचं तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं, आणि आप्पांचे गुडघे बोलायला लागलेले. शिवाय माझं रफूचं काम वाढलं होतं. लोकांचे कसर लागलेले कोट, फाटक्या शाली, उसवलेले स्वेटर घरभर पसरलेले असायचे. मोठं मशीन घ्यायचं ठरलं आणि ते मावेल अशी एकच खोली होती, आप्पांची. दादा म्हणाला, माझ्याकडे आणून सोड. मी आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, “बरं.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “फक्त ट्रेनने नको. माझ्या जुन्या रस्त्याने नेशील?”

म्हणून आम्ही सहलीला निघालो होतो. सगळेच तिला सहल म्हणत होते, मीसुद्धा.

२

“आता बघ हं कारंजं!” आप्पांनी पिटकीला चार दिवस आधीपासून चढवून ठेवलं होतं. “वाळवंटाच्या मध्यभागी दोन माणसं उंच पाणी! तुषार थेट बसच्या काचेवर यायचे.”

कारंजं होतं. म्हणजे सिमेंटचा हौद होता, त्यात वाळू होती आणि वाळूत एक कुत्रं ऐसपैस झोपलं होतं. पिटकीने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी कुत्र्याकडे बघितलं. “पूर्वी कुत्रं नव्हतं,” ते म्हणाले, आणि आम्ही इतके हसलो की कुत्रं उठून गेलं.

चहावाला गडी मोठा अगत्याचा निघाला. चहा मात्र गरम पाण्याला साखर दाखवल्यासारखा होता. निघताना आप्पांनी विचारलं, “काय राहिलं?” आम्ही ओरडलो, आणि तेवढ्यात तो चहावाला फडक्याला हात पुसत गाडीपाशी आला. “हे तुमचं. मागे राहिलं होतं.” पिवळ्या फुलाची केसांची क्लिप. मी थँक्यू म्हणून ती पर्समध्ये टाकली.

बऱ्याच पुढे गेल्यावर माझं लक्ष आरशात गेलं. पिवळ्या फुलाची क्लिप पिटकीच्या केसांतच होती. मी पर्समधली काढून बघितली. तीच, फक्त हिची एक पाकळी तुटलेली. अशा क्लिपा गल्लोगल्ली मिळतात. कुणा दुसऱ्या मुलीची असेल. मी ती परत ठेवून दिली आणि संत्री सोलायला घेतली.

३

पुढचं आकर्षण होतं ‘डोलणारा दगड’. आप्पांच्या म्हणण्यानुसार हत्तीएवढा दगड एका टोकावर उभा, वाऱ्याने डोलतो, पण पडत नाही.

तो पडला होता. दोन वर्षांपूर्वीच. तरी तिकीट खिडकी चालू होती.

“पडलेला दगड बघायला तिकीट?” नवऱ्याने विचारलं.

“उभा कुणीही बघतो, साहेब,” तिकीटवाली बाई शांतपणे म्हणाली.

आम्ही रीतसर तिकीट काढून पडलेला दगड बघितला. आप्पांनी त्याच्यावर बसून फोटो काढून घेतला. वारा जरा वाढला होता, डोळ्यांत कण जात होते. गाडीकडे वळलो तशी ती बाई खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाली, “हा चष्मा घेऊन जा तुमचा. परत जाताना विसरलात.”

“परत जाताना?” मी म्हटलं. “आम्ही तर आत्ता कुठे येतोय.”

“तुम्हीच होतात,” ती म्हणाली. “फक्त हे आजोबा नव्हते बरोबर.”

नवऱ्याने सवयीने चष्मा घेतलाही होता. गाडीत बसल्यावर त्याने आपला काढून तो लावून बघितला. “अगं, नंबरसुद्धा माझाच!” तो खूश झाला. चष्म्याची एक दांडी मोडलेली होती आणि तिला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तसली निळी पट्टी आमच्या गाडीच्या खणात असते. पण नवरा वायरमन, आणि तसली पट्टी सगळ्याच वायरमनांच्या खणात असते. शिवाय त्याच्या नंबरची माणसं काय कमी आहेत? माझं असं मनाशी बोलणं चालू होतं. शेजारी बसून मी गाणंही म्हणत होते, कारण मागे भेंड्या सुरू झाल्या होत्या.

४

खरं सांगते, त्या दिवशी जितके हसलो तितके आम्ही वर्षभरात हसलो नसू. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना नुसती वाळू, आणि आप्पांच्या अंगात त्यांची जुनी बस संचारलेली. ते बसल्या जागी गिअर टाकत होते. पिटकी प्रवासी झाली होती आणि सुट्ट्या पैशांवरून त्यांच्याशी भांडत होती. मध्येच त्यांनी अशी काही तान घेतली की ठसका लागून ते पुढे कलले, आणि पिटकी त्यांना सावरायला गेली ती दारावर आपटली. कुठे लागलं नाही. नुसती क्लिप खाली पडली.

“आई, पाकळी तुटली,” ती म्हणाली.

मी हात मागे करून क्लिप घेतली. पर्समधली काढून शेजारी धरली. दोन्हींची एकच पाकळी गेलेली होती, डावीकडची वरची.

तितक्यात नवऱ्याने डोळे चोळायला गाडी बाजूला घेतली, चष्मा काढून सीटवर ठेवला आणि आप्पांना पाणी द्यायला उतरला. परत आला तो थेट चष्म्यावर बसला. कट् आवाज झाला. आप्पा हसता हसता रडायला लागले. नवऱ्याने खणातून निळी पट्टी काढली, दांडीला गुंडाळली आणि दोन्ही चष्मे एकावर एक लावून वळून बघितलं. पिटकी हसून हसून सीटखाली गेली.

मी हसले नाही. मी खण बंद केला.

“तुला काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही, गाडी लागतेय थोडी.”

मागून पिटकीने जाहीर केलं, “येताना खिडकी माझी हं! तेव्हा आजोबा नसणार.”

“तुझीच,” आप्पा म्हणाले. “दोन्ही खिडक्या तुझ्या.” ते हसतच म्हणाले. मी संत्र्याची सालं पिशवीत भरायला घेतली.

५

तिसरा थांबा मिठाच्या तळ्याचा. इथे गुलाबी पक्षी उतरतात, हजारोंनी, असं आप्पांनी सांगितलं होतं.

तळं सुकून पांढरं पडलं होतं. पक्षी होते, पण पत्र्याचे. गुलाबी रंग दिलेले, लोखंडी कांबीवर रोवलेले, आणि वाऱ्याने सगळे एकदम करकरत होते. पिटकीला ते फारच आवडले. तिने एकेकाला नाव ठेवलं. आकाश कडेने पिवळं व्हायला लागलं होतं आणि दुर्बीण भाड्याने देणारा माणूस आपलं सामान आवरत होता. पत्र्याचे पक्षी दुर्बिणीतून बघायची ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी तो तिथे असावा.

मला बघून तो थबकला, वाकला आणि पेटीतून एक स्वेटर काढला. “ताई, हा तुमचा. त्या दिवशी फार गप्प होतात तिघं, म्हणून हाक मारायचा धीर झाला नाही.”

मी घ्यायला नको होता. पण हात पुढे झाला, सवय ती.

तपकिरी, हातविणीचा, आईने आप्पांसाठी विणलेला. तसा स्वेटर जगात एकच आहे, कारण आईला गळा कधी जमला नाही. मी वळून बघितलं. आप्पा पक्ष्यांमध्ये उभे होते, पिटकीला खांद्याशी धरून, आणि त्यांच्या अंगात तोच स्वेटर होता. त्याच्या उजव्या कोपराला भोक पडलं होतं. गेला महिनाभर मी म्हणत होते, रफू करते, आज करते, उद्या करते. जगाची भोकं बुजवता बुजवता घरचं राहत होतं.

हातातल्या स्वेटरचं भोक बुजवलेलं होतं.

मी ती रफू उजेडात धरली. उभे धागे, आडवे धागे, आणि शेवटचा टाका उलटा घालून आत दडवलेला. तो उलटा टाका मला कुणी शिकवलेला नाही आणि मी कुणाला शिकवलेला नाही. दहा हजार रफूंमधून मी माझी ओळखून काढीन. हे माझंच काम होतं, पण ते मी अजून केलेलं नव्हतं.

“काय मिळालं गं?” आप्पांनी लांबून विचारलं.

“काही नाही,” मी ओरडले आणि गाडीत बसून स्वेटर घडी करून मांडीखाली ठेवला.

६

वादळ आलं ते समोरून, भिंत चालत यावी तसं. भर दुपारी दिवे लावावे लागले आणि दिव्यांच्या उजेडात वाळूशिवाय काही दिसेना. गाडी हलायला लागली. पिटकी आनंदाने किंचाळत होती. आप्पा तिला सांगत होते की अशा वेळी बसवाला काय करतो, तर भजी खातो आणि वाट बघतो. नवरा रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड बघत गाडी चालवत होता. त्या दगडांच्या आधाराने एक विश्रांतिगृह सापडलं, बैठं, लांबट, पत्र्याच्या छपराचं.

“तुम्ही बसा. मी खोली आहे का विचारून येते,” मी म्हटलं. डोक्यावर घ्यायला काहीतरी हवं होतं, म्हणून मांडीखालचा स्वेटर ओढला आणि धावले.

आत छपरावर वाळू सांडल्याचा आवाज सतत चालू होता. काउंटरवरची एक जाडशी बाई दाराच्या आवाजाने मान वर करून बघत होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “आलात! बरं झालं. शेवटच्या खोलीत आहेत.”

“कोण?”

“तुमचे वडील. ठेवून गेलात ना. जेवायला बसा म्हटलं तर म्हणाले, मुलगी येईल, तिचं काहीतरी राहिलंय.”

“माझे वडील बाहेर गाडीत आहेत,” मी म्हटलं.

ती समजूतदारपणे हसली. विसरभोळ्या माणसांना बघून लोक हसतात तसं. ते हसू मला नवीन नव्हतं. “जा, घेऊन जा,” ती म्हणाली.

परत फिरायला हवं होतं. पण मी विचार केला तो असा: कुणीतरी म्हातारं माणूस आहे, त्याच्या घरचे त्याला सोडून गेलेत, आणि ही बाई मला त्यांच्यातली समजतेय. जाऊन सांगावं, बाबा, मी ती नव्हे. एवढं तर करावं. बोळात ओळीने बंद दारं होती. शेवटचं उघडं होतं.

खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. खिडकीबाहेर नुसतं पिवळं. खाटेच्या कडेला एक माणूस दाराकडे पाठ करून बसला होता. बूट घातलेले, मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. अंगात नुसता शर्ट. पाठमोरे म्हातारे सगळे सारखेच दिसतात, असं मी स्वतःला सांगितलं. मग मला तो गुणगुणताना ऐकू आला. आत्ता गाडीत चाललेलंच गाणं होतं, आणि ज्या जागी आप्पा नेहमी चुकतात त्या जागी तो चुकला.

तो थरथरत होता. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण थंडीने काकडणाऱ्या माणसाला नुसतं बघत उभं राहणं मला जमत नाही. मी पुढे झाले आणि हातातला स्वेटर त्याच्या खांद्यांवर घातला. त्याने मान वळवली नाही. एक हात तेवढा वर आला आणि माझ्या बोटांवर ठेवला. हात गार होता. बोटं मला पाठ होती.

“काय राहिलं?” त्याने विचारलं.

जे उत्तर मी झोपेतही देईन ते तिथेच टाकून मी बोटं सोडवून घेतली आणि धावत सुटले.

७

गाडीचं दार उघडलं तेव्हा वाळूबरोबर मी आत पडले. आप्पा मागे होते. पिटकीने त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून त्यांना नवरदेव केलं होतं. मी हात मागे टाकला, त्यांचा उजवा कोपर धरला आणि स्वेटरच्या भोकातून बोट आत घातलं. कातडी गरम होती.

“अगं, गुदगुल्या!” आप्पा ओरडले.

“खोली आहे?” नवऱ्याने विचारलं.

“नको. इथेच थांबू. वारा पडला की घरी जाऊ.”

“दादाकडे ना?”

“आपल्या घरी. सगळे.”

तो दोन्ही चष्म्यांतून माझ्याकडे बघत राहिला. “आणि मशीन?”

“मशीन खड्ड्यात गेलं. स्वयंपाकघरात ठेवीन, ओट्यावर ठेवीन, तुझ्या उशाला ठेवीन. आप्पांची खोली आप्पांची.”

मला वळायचा धीर होईना. मग पिटकी म्हणाली, “म्हणजे खिडकी परत आजोबांची?” आणि आप्पा म्हणाले, “अर्धी अर्धी.” त्यांचा आवाज फाटला होता. मी रडले, नवऱ्याने नाक शिंकरलं, पिटकीने आम्हाला वेडे ठरवलं. वादळ ओसरेपर्यंत आम्ही त्या हलत्या गाडीत ओळीने सगळी गाणी म्हटली. आप्पा चुकायचे तिथे चुकले. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं होतं, आठवत नाही. मात्र गाताना मी इमारतीच्या शेवटच्या खिडकीकडे बघायचं टाळत होते.

वारा पडला. ऊन आलं, धुतल्यासारखं. नवऱ्याने गाडी वळवली, आणि आप्पा खड्या आवाजात म्हणाले, “काय राहिलं?”

“काही नाही राहिलं!” सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

तेव्हाच ती काउंटरवरची बाई दारात आली आणि हात हलवून आम्हाला थांबवायला लागली. तिच्यामागे अंधारात कुणीतरी उभं होतं. खांद्यांवर तपकिरी काहीतरी होतं, एवढंच दिसलं.

“काहीतरी राहिलं वाटतं आपलं,” नवरा म्हणाला आणि ब्रेककडे त्याचा पाय गेला.

“चला हो, जावईबापू,” मागून आप्पा म्हणाले, अगदी सहज. “त्याला न्यायला येईल कुणीतरी.”

खोलीत काय बघितलं ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

८

परतीच्या वाटेवर आम्ही कुठेही थांबलो नाही. पत्र्याचे पक्षी आडवे झाले होते. तिकीटवाली खिडकीत उभी राहून आमच्याकडे बघत होती, आणि हौदात कुत्रं परत येऊन झोपलं होतं. थांबलोच नाही, म्हणून काही विसरलोही नाही. त्यामुळे आमच्याकडे क्लिपा दोन आहेत आणि चष्मेही दोन.

घर आता फार भरलेलं आहे. मशीन जेवणाच्या टेबलावर आलं, आणि आम्ही जमिनीवर बसून जेवतो. जिने चढताना आप्पा प्रत्येक मजल्याला थांब्याचं नाव देतात. दुसऱ्या मजल्याला ‘पडका दगड’ म्हणतात. दादा येऊन भांडून गेला, जेवून गेला आणि छत्री विसरून गेला. पिटकी आणि आजोबा खिडकीपाशी अर्धे अर्धे बसतात.

गावभरचे लोक माझ्याकडे भोकं घेऊन येतात आणि शोधूनही सापडू नयेत अशी बुजवून नेतात. आप्पा रोज संध्याकाळी माझ्या समोर येऊन उजवा कोपर पुढे करतात.

“अगं, एवढं रफू करून दे. वारा लागतो.”

मी हातातली सुई बाजूला ठेवते, त्या भोकातून बोट आत घालते आणि त्यांचा कोपर गरम आहे ना बघते.

“लागू दे,” मी म्हणते.